असुराचे कूळ की कृत्य?

विदर्भातल्या सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही गोंड भाविक इथे येतात. कथा सांगतात ती अशी: शंभूने गुहेत कोंडलेली मुले गोंडांच्या दैवतांनी, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी, सोडवली, तोंडावरची शिळा हलवताना हिरासुका पाटालीर हा वादक तिच्याखाली चिरडून मेला. आणि ज्याने मुले कोंडली, त्या शंभूलाही हा समाज पूजतो. अपराध लपवलेला नाही, अपराध्याला राक्षसही केलेले नाही.

पुराणांवर बेतलेल्या किशोरकादंबऱ्यांत एवढी समज क्वचित दिसते. असुर काळाकभिन्न, रानातला. नायक नगरातला, जन्मानेच निवडलेला. कोणी काय केले हे कळण्याआधीच निकाल लागलेला असतो. कचारगडच्या जंगलाकडेच्या आश्रमशाळेत हे वाचणाऱ्या गोंड मुलीने स्वतःला कोणत्या बाजूला शोधायचे? रावणाला पूर्वज मानणारी, दसऱ्याला त्याचे दहन नको म्हणणारी माणसे विदर्भातच आहेत. त्यांच्या मुलांना आपण नकळत खलनायकाच्या गोटात बसवतो आहोत.

बाजू उलटी केली म्हणजे भागले, असेही नाही, आणि मला जास्त भीती याचीच वाटते. 'मृत्युंजय' कादंबरीने (१९६७) मराठी वाचकाला कर्णाच्या बाजूने उभे केले. पण त्या प्रेमाच्या भरात द्यूतसभेत द्रौपदीला तो काय बोलला, याकडे आपण काणाडोळा करतो. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या कोणालाच अशी सूट दिली नाही. आज खलनायकाला दुःखी बालपण दिले की त्याचे पाप धुऊन निघते. अन्याय सोसलेल्या माणसाने केलेला अन्यायही अन्यायच असतो, हे तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला सांगायचे कोणी?

असे लिहिणे जमते, हे रोशनी चोक्शी यांनी इंग्रजीत दाखवले. 'आरू शहा' मालिकेच्या पहिल्या पुस्तकात (२०१८) वर्गातल्या मुलांसमोर मिरवायला आरू शापित दिवा पेटवते आणि त्यातून सुटलेला शत्रू तिचाच बाप निघतो. चूक नायिकेची, आणि शत्रू घरातला.

मराठीत असे काही लिहू पाहणाऱ्यांना कळकळीची विनंती: खलनायकाचे कूळ नंतर सांगा. आधी त्याने काय केले आणि त्यात कोणाचे काय गेले, ते लिहा. नायकाच्या बाबतीतही तेच करा.