पुण्याचा संघ, मैदान कोलंबोचे

सन २०१२ मध्ये ‘पुणे मराठाज’ या नावाचा संघ अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक स्पर्धेत विजेता ठरला. अंतिम लढतीत त्याने दिल्लीच्या संघाला नमविले. मात्र ही लढत पुण्यात झाली नाही आणि दिल्लीतही झाली नाही. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या स्पर्धेच्या पहिल्या हंगामातील सामने श्रीलंकेत, कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर खेळविण्यात आले आणि त्यांचे चित्रीकरण नंतर दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. आठ संघांपैकी सहा भारतीय, एक यजमान कोलंबोचा व एक पाकिस्तानचा होता. माईक डिट्का, कर्ट वॉर्नर यांच्यासारखे या खेळातील मातब्बर आणि हॉलिवूडचा अभिनेता मार्क वॉलबर्ग यांचे पाठबळ स्पर्धेला लाभले होते. तरीही ती रुजली नाही.

संघाच्या नावात पुणे, त्याचे मैदान परदेशात आणि त्याचे भांडवल तिसऱ्याच देशातले. हा प्रकार चमत्कारिक वाटला तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे आणि अमेरिकेत तो सध्या अधिक गंभीरपणे विचारला जात आहे. तेथील नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, एखादा संघ कायमचा परदेशात हलविता येईल काय? त्यासाठी लंडनचे नाव गेली अनेक वर्षे घेतले जाते. कोल्हापूरला या खेळाशी देणेघेणे नाही, हे खरे. येथे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडूच डोळ्यांसमोर येतो. लांबट चेंडू हाती घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचा तो अमेरिकी खेळ शाहू स्टेडियमच्या प्रेक्षकाला कदाचित रुचणारही नाही. परंतु संघ कोणाचा, मालकाचा की गावाचा, हा त्या चर्चेतला मुद्दा कोल्हापूरला परका नाही.

एनएफएलचा परदेशाशी संबंध नवा नाही. १९९१ मध्ये तिच्या पाठिंब्याने ‘वर्ल्ड लीग’ सुरू झाली आणि लंडन मोनार्क्स या संघाने वेम्बलीवर पहिले विजेतेपद पटकावले. पुढे ‘एनएफएल युरोप’ झालेली ही स्पर्धा २००७ मध्ये बंद पडली. त्याच वर्षापासून मूळ लीगचे सामने लंडनमध्ये होऊ लागले. जॅक्सनव्हिल जॅग्वार्स हा फ्लोरिडातील संघ २०१३ पासून जवळपास दरवर्षी आपला एक ‘घरचा’ सामना लंडनला खेळत आला आहे. त्याचे मालक शाहिद खान यांनी २०१८ मध्ये वेम्बली स्टेडियमच विकत घेण्याची तयारी दाखविली, तेव्हा हा संघ आता लंडनकर होणार अशी हाकाटी उठली. विरोध वाढल्यावर त्यांनी तो प्रस्ताव मागे घेतला. २०२५ च्या हंगामात लीगने साओ पावलो, डब्लिन, लंडन, बर्लिन व माद्रिद या शहरांत मिळून सात सामने ठेवले. एकही संघ मात्र हलविला नाही.

त्याची कारणे व्यवहारी आहेत. लंडन ते लॉस एंजेलिस हा विमानप्रवास सुमारे अकरा तासांचा आणि घड्याळातील अंतर आठ तासांचे. दर आठवड्याला एक सामना या गतीने चालणाऱ्या हंगामात असा एकच संघ सतत महासागर ओलांडत राहिला, तर त्याची दमछाक ठरलेली. शिवाय या लीगमध्ये महाविद्यालयातून येणाऱ्या नव्या खेळाडूला संघ निवडण्याची मोकळीक नसते. संघच त्याला निवडतो. ओहायोत वाढलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाला ब्रिटनमध्ये राहून तेथील कर भरण्याची सक्ती करायची, तर खेळाडूंची संघटना गप्प बसणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थलांतरासाठी ३२ पैकी २४ मालकांची संमती लागते आणि या मालकांचे मुख्य उत्पन्न प्रक्षेपणाच्या राष्ट्रीय करारांतून येऊन सर्वांत समान वाटले जाते. त्यांना लंडनची बाजारपेठ हवी आहे, पण ती सामने पाठवूनही मिळते. त्यासाठी बिऱ्हाड हलविण्याचे कारण उरत नाही.

बिऱ्हाड हलविले जाते ते देशांतर्गत. बाल्टिमोरच्या नागरिकांना तो अनुभव २९ मार्च १९८४ च्या पहाटे आला. मेरीलँडच्या विधिमंडळात संघ सक्तीने ताब्यात घेण्याच्या कायद्याची हालचाल सुरू होताच कोल्ट्स संघाच्या मालकाने रातोरात मालमोटारी मागवून सारे साहित्य इंडियानापोलिसला नेले. गंमत अशी की त्याच बाल्टिमोरने १९९६ मध्ये क्लीव्हलँडचा संघ आपल्याकडे ओढून घेतला. त्या वेळी क्लीव्हलँडने न्यायालयाची पायरी चढून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. ‘ब्राऊन्स’ हे नाव, रंग आणि जुना इतिहास गावातच राहिला. तीन वर्षांनी त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. रेडर्स हा संघ तर ओकलंडहून लॉस एंजेलिस, तेथून पुन्हा ओकलंड आणि २०२० मध्ये लास व्हेगास असा फिरला.

इंग्लंडमध्ये, जेथे फुटबॉलचा क्लब म्हणजे गावाचे दैवत मानले जाते, तेथेही हे घडले. विम्बल्डन हा लंडनमधील क्लब आयर्लंडच्या डब्लिनला नेण्याचा विचार नव्वदच्या दशकात झाला. तो फसला. मात्र २००३ मध्ये तो क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात गेलाच. संतापलेल्या समर्थकांनी त्यापूर्वीच, २००२ मध्ये, स्वतःच्या मालकीचा एएफसी विम्बल्डन स्थापन करून अगदी तळाच्या पातळीपासून खेळण्यास सुरुवात केली होती.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून जवळचे आहे. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ मध्ये उभा राहिला. अभिनेता हृतिक रोशन त्याचा सहमालक होता. बालेवाडीचे क्रीडासंकुल त्याचे घर होते आणि नारिंगी पोशाखातील ‘ऑरेंज आर्मी’ हा त्याचा समर्थकवर्ग होता. मालक समूह आर्थिक अडचणीत सापडला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये संघाची जागा हैदराबाद एफसीने घेतली. प्रशिक्षक फिल ब्राऊन आणि ब्राझीलचा मार्सेलिनो हेही हैदराबादला गेले. अडीच वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, या हैदराबादने गोव्यातील फातोर्डा येथे केरळ ब्लास्टर्सला हरवून आयएसएल जिंकली. पुण्याच्या वाट्याला त्यातले काहीही आले नाही. आणि हैदराबादलाही ते सुख टिकविता आले नाही. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला नेण्यात येऊन त्याचे ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ असे नामकरण झाले. सहा वर्षांत तीन शहरे आणि तीन नावे.

क्रिकेटमध्ये असे प्रसंग तात्पुरते आले. लोकसभा निवडणुकीमुळे आयपीएलचा २००९ चा अख्खा हंगाम दक्षिण आफ्रिकेत झाला. कोरोनाच्या साथीत २०२० मध्ये तो संयुक्त अरब अमिरातीत गेला. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यातील बहुतेक सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितल्यावर मुंबई आणि पुण्याच्या संघांनी विशाखापट्टणमला मुक्काम हलविला. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते, तो हा काळ. या तिन्ही वेळी प्रक्षेपण अखंड राहिले. ज्या संघाचा प्रेक्षक मुख्यतः पडद्यासमोर बसलेला असतो, त्याला मैदान कोणत्या देशात आहे याने फारसा फरक पडत नाही, हे आयोजकांना तेव्हाच उमगले असावे.

कोल्हापूरची घडण नेमकी याच्या उलट आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, १९४० पासूनची. तिच्या स्पर्धांत उतरणारे संघ पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशा नावांचे आहेत. यातील बहुतेक नावांतच पत्ता दडलेला आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. तेथेच गणपती बसतो, तेथेच पेठेतील तंटे मिटतात आणि तेथूनच संघ मैदानावर जातो. वर्गणी, देणगीदार आणि हितचिंतक यांच्या बळावर हंगाम निघतो. हा संघ विकत कोण घेणार आणि नेणार कोठे? तालमीची इमारत उचलता येत नाही. उलट येथे परदेशच पेठेत येतो. नायजेरिया व अन्य आफ्रिकी देशांतील खेळाडू हंगामापुरते करारबद्ध होतात, गल्लीतील खोलीत राहतात आणि दोन-चार गोल केले की पोरांच्या गळ्यातील ताईत होतात. एखादा स्थानिक खेळाडू एका पेठेतून दुसऱ्या पेठेच्या संघात गेला, तरी केवढा गहजब होतो! संघ दुसऱ्या शहरात जाण्याची कल्पनाच येथे कोणी करणार नाही.

एवढे सांगून थांबले, तर कोल्हापूरचा गौरव होईल, पण अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. पेठेचा संघ कोठे जात नाही, तसा तो खेळाडूला फार पुढे नेतही नाही. हंगाम काही महिन्यांचा आणि मानधन बेताचे. त्यात समर्थकांची हाणामारी झाली की स्पर्धा थांबते आणि मैदानावर चेंडूऐवजी पोलिसांचा बंदोबस्त दिसतो. फुटबॉलवर पोट भरण्याची उमेद असणाऱ्या मुलाला शहर सोडावेच लागते. त्याच्यासाठी पुणे आणि मुंबई ही पहिली पायरी होती. निखिल कदमसारखा कोल्हापूरचा खेळाडू पुणे एफसीतून पुढे कोलकात्याच्या मोहन बागानपर्यंत पोहोचला. त्या पायऱ्याच एकेक करून निखळल्या. १९६२ पासूनचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीने गाशा गुंडाळला. भारत एफसी एका हंगामापुरता टिकला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला आणि दोन वर्षांनी पुणे सिटीही गेला. मुंबई सिटी मुंबईत आहे, परंतु २०१९ मध्ये त्यात ६५ टक्के हिस्सा घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर २०२५ मध्ये अंग काढून घेतले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०२२ च्या विजेत्या संघात होता. पण तो संघ हैदराबादचा होता. त्याची जागा मूळची पुण्याची, एवढेच.

म्हणजे जो संघ खेळाडूला पगार देतो तो उठून जाऊ शकतो आणि जो जात नाही तो पगार देऊ शकत नाही. ‘कोल्हापूरचा संघ आयएसएलमध्ये का नाही’ असे अधूनमधून विचारले जाते. या प्रश्नाला हात घालायचा, तर पैसा कोण आणणार याच्याइतकेच, पैसा आटल्यावर गावात काय उरणार, हेही विचारले पाहिजे. पुण्यात ते कोणी विचारल्याचे दिसले नाही. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शासनाने उभारलेले, म्हणजे करदात्यांच्या पैशाचे. तेथे खेळणारा संघ गेला, तेव्हा नाव आणि रंग जपण्याचीही कोणी मागणी केली नाही.

अमेरिकेत या दोन टोकांच्या मध्ये काही वाटा शोधल्या गेल्या आहेत. ग्रीन बे हे जेमतेम एक लाख वस्तीचे शहर, पण तेथील पॅकर्स हा एनएफएलमधील संघ भागधारकांच्या मालकीचा आहे. भागधारकांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. त्यांना लाभांश मिळत नाही आणि भाग नफ्याने विकता येत नाहीत. त्यामुळे संघ पळविण्यात कोणाचाच फायदा नाही. वर्गणीवर चालणाऱ्या तालमीला ही रचना सहज समजेल. मात्र लीगच्या आजच्या नियमांत अशा नव्या संघाला जागा नाही आणि पॅकर्सला प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील समान वाटा मिळतो, हेही विसरता येणार नाही. तो वाटा नसता, तर केवळ भागधारकांच्या प्रेमावर हे शहर न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांसमोर उभे राहिले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

सेंट लुईस शहराने दुसरा मार्ग धरला. २०१६ मध्ये रॅम्स संघ लॉस एंजेलिसला गेल्यावर शहराने लीगलाच न्यायालयात खेचले. स्थलांतराचे स्वतःचे नियम लीगने पाळले नाहीत, हा त्याचा दावा होता. २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. संघ परतला नाही. भरपाई तेवढी मिळाली.

ओहायो राज्याने क्लीव्हलँडचा संघ गेल्यानंतर १९९६ मध्ये कायदाच केला. सार्वजनिक पैशातून मदत मिळालेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला हलवायचे असेल, तर मालकाने सहा महिने आधी सूचना द्यावी आणि स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी, अशी त्यातील अट आहे. हा कायदा वीसेक वर्षे कागदावरच राहिला. कोलंबस क्रू हा फुटबॉल संघ, म्हणजे आपल्या अर्थाने फुटबॉल, टेक्सासला नेण्याची तयारी मालकाने चालविली, तेव्हा राज्याने त्याच कायद्याच्या आधारे दावा ठोकला आणि समर्थकांनी रान उठविले. २०१८ च्या अखेरीस नवे खरेदीदार पुढे आले आणि संघ कोलंबसमध्येच राहिला. २०२५ मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने या कायद्याची धार कमी केली. आता तो संघ राज्याबाहेर जात असेल तरच लागू होतो. महाराष्ट्रात शासकीय मैदान वापरणाऱ्या व्यावसायिक संघावर असे कोणतेही कायदेशीर बंधन नाही. ते करारात घालता येते; पण मालक मैदान मागायला येतो त्या दिवशीच, नंतर नाही.