विद्यापीठाची पायरी

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाचे स्वागत देशभर झाले. ते यथायोग्यच होते. विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूची चौकशी व्हावी म्हणून तिच्या पित्याने दाद मागितली होती. त्या प्रकरणाच्या निमित्ताने न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत, शिक्षक व कर्मचारी यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे व चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे शक्यतो टाळावे, असा या सूत्रांचा आशय आहे. तत्पूर्वी २४ मार्च २०२५ रोजी याच न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील आत्महत्यांचा प्रश्न अभ्यासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले होते. न्यायसंस्थेला इतक्या तपशिलात शिरावे लागले, यातच शिक्षणसंस्थांनी आपले कर्तव्य किती केले होते याचे उत्तर आहे.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून स्पष्ट होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या कोणत्याही अन्य राज्यापेक्षा अधिक होती. तेव्हा शेजारच्या गुजरातेतील एका शहराविषयी आज आम्ही जे लिहीत आहोत ते दुसऱ्याच्या घरात डोकावून उपदेश करण्यासाठी नव्हे. ज्या मुलांविषयी लिहावयाचे आहे ती आपलीच आहेत, आणि त्यांच्यापर्यंत हा निर्णय पोचतो की नाही, हीच त्याची खरी कसोटी ठरणार आहे, म्हणून हा विषय घ्यावयाचा.

सुरत शहरातील उधना हे नाव खानदेशात घरोघर ठाऊक आहे. जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत येणारा ताप्ती खोऱ्यातील लोहमार्ग उधना येथे मुंबई–अहमदाबाद मार्गाला मिळतो. कोरडवाहू शेतीने पाठ फिरविली की खानदेशातील माणूस या गाडीत बसतो, हे कित्येक दशके चालत आले आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत अशा कुटुंबांनी संसार थाटले. पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. स्त्रिया घरी बसून साड्यांचे धागे कापतात, टिकल्या लावतात. घरात अहिराणी, शेजारी ओडिया व भोजपुरी आणि बाजारात गुजराती बोलली जाते. सुरत महापालिकेने अनेक भाषांबरोबर मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविल्या, ही गोष्ट त्या शहराच्या मोठेपणाची आहे. त्याबद्दल मराठी माणसाने कृतज्ञच असले पाहिजे.

आणि याच उधन्याहून मगदल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ उभे आहे. १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २००४ साली सुरतेच्या कवी नर्मदांचे नाव देण्यात आले. एकोणिसाव्या शतकात विधवाविवाहाचा पुरस्कार करून स्वजनांचा रोष ओढवून घेणारा हा सुधारक होता. त्याच्या नावाच्या विद्यापीठात आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांत आज मागावर काम करणाऱ्यांची मुले-मुली पदवीचे शिक्षण घेतात. अंतराने पाहिले तर मागाच्या गल्लीपासून विद्यापीठाचे प्रवेशद्वार फार दूर नाही. परंतु हे अंतर चालून जाताना त्या मुलाला काय काय ओलांडावे लागते, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

त्याच्या घरात महाविद्यालय पाहिलेले दुसरे कोणी नसते. परीक्षेचा अर्ज कसा भरावा, विषय कोणता निवडावा, नापास झाल्यास पुढे काय, हे विचारावे असे माणूस घरात नाही. मराठीतून शिकून आलेल्याला येथे बहुधा गुजराती वा इंग्रजीतून शिकावे लागते. वर्गात प्रश्न समजतो, उत्तरही येते, पण ते उभे राहून बोलण्याची भाषा जवळ नसते आणि मग मुलगा मागच्या बाकावर जाऊन गप्प बसतो. एका खोलीत पाच-सहा माणसे, त्यांत रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला. अभ्यास करावयाचा कोठे? वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरली आहे, ही जाणीव त्याला क्षणभर सोडीत नाही. असा विद्यार्थी खचला तर तो कोणाला सांगणार? घरी सांगितले तर आईला घोर लागेल, मित्रांना सांगितले तर थट्टा होईल आणि प्राध्यापकाला सांगितले तर अभ्यास टाळण्याची सबब ठरेल. त्याचे मौन हे समाधानाचे लक्षण समजण्याची चूक महाविद्यालये वर्षानुवर्षे करीत आली आहेत.

स्थलांतरिताच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यागणिक ठरतात आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला नव्या राज्यात त्या सवलतींवर हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० सालीच ठरविले आहे. त्यामागे घटनात्मक कारणे आहेत. त्यांचा वाद येथे नको. परंतु नंदुरबारहून आलेल्या भिल्ल वा मातंग कुटुंबातील मुलाच्या दृष्टीने पाहावे. कष्ट तेच, दारिद्र्य तेच. मात्र त्याचा दाखला राज्याच्या सीमेपाशी थांबतो. अशा मुलाला संस्थेकडून मिळणारा आधार हाच काय तो आधार राहतो.

सुदैवाने अपंगत्वाच्या बाबतीत कायद्याने ही सीमा पुसून टाकली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दिलेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. जळगावच्या शासकीय रुग्णालयाने दिलेला दाखला सुरतेच्या महाविद्यालयाला नाकारता येणार नाही. ही साधी गोष्ट किती पालकांना ठाऊक आहे? १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. २०१६ च्या कायद्याने ती संख्या एकवीस केली आणि त्यांत मानसिक आजाराबरोबर लेखन-वाचनातील विशिष्ट अक्षमताही घातली. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी, म्हणजे चाळीस टक्के वा अधिक अपंगत्वासाठी, निदान पाच टक्के जागा राखल्या पाहिजेत आणि प्रवेशासाठी वयात पाच वर्षांची सूट दिली पाहिजे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला दर तासामागे किमान वीस मिनिटे अधिक मिळावयास हवीत. लिहिताना हात आखडण्याची व्याधी असलेल्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला, तेव्हा ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निर्वाळा दिला की, चाळीस टक्क्यांची अट पूर्ण होत नाही एवढ्या कारणास्तव लेखनिक नाकारता येत नाही.

कायदा इतका स्पष्ट असूनही अनेक ठिकाणी चाकाच्या खुर्चीतला विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी दोन मित्रांच्या खांद्यांवरून तिसऱ्या मजल्यावर जातो, आणि हे दृश्य पाहून आपण त्या मित्रांचे कौतुक करतो. मित्रांचे कौतुक जरूर करावे. पण तळमजल्यावर एक खोली देणे ज्या संस्थेला सुचले नाही तिला जाब कोणी विचारावयाचा? विद्यापीठ अनुदान मंडळाने २०२२ साली सुगम्यतेची मानके प्रसिद्ध केली. ती पाळण्यासाठी दर वेळी कोटींचा निधी लागतो असे नाही. उतरती वाट, रुंद दार, वापरता येईल असे स्वच्छतागृह, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका आणि लेखनिकाची व्यवस्था परीक्षेच्या आदल्या रात्री न करता महिनाभर आधी करणे, एवढ्याने पुष्कळ काही साधते. ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसते त्याची ही गत. मग ज्याचे दिसत नाही त्याची काय कथा? अक्षरे उलटसुलट दिसणारा विद्यार्थी आळशी ठरतो आणि खिन्नतेच्या आजाराने अंथरूण न सोडणारा कामचुकार.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, सवलतींनी शिक्षणाचा दर्जा घसरतो. वस्तुतः वीस मिनिटे अधिक दिल्याने प्रश्न सोपा होत नाही. ज्याला उत्तर येत नाही त्याला तो तासभर दिला तरी येणार नाही. परीक्षा ज्ञानाची घ्यावयाची की हाताच्या वेगाची, एवढाच मुद्दा आहे. दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो : आम्ही याहून खडतर दिवस काढले, आमच्या वेळी कोठे होते समुपदेशक? त्यांच्या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. पण त्या काळी जे खचले त्यांची मोजदाद कोणी केली? जे तरले तेच आज आठवणी सांगावयास उरले आहेत. शिवाय मनाची दुर्बलता हा काही नव्या पिढीचा शोध नव्हे. महाभारतातील श्रेष्ठ धनुर्धराच्या हातून रणांगणावर गांडीव गळले आणि गीतेचा पहिला अध्याय त्याच्या विषादाच्या नावाने ओळखला जातो. श्रीकृष्णाने त्याला आरंभी दोन खरमरीत शब्द सुनावले खरे. पण तेवढ्याने भागले नाही, तेव्हा पुढचे सतरा अध्याय त्याच्याशी बोलण्यात, त्याच्या शंका ऐकून घेण्यात गेले. आपण मात्र पहिल्या दोन शब्दांवरच थांबतो.

मग करावे काय? विद्यापीठाच्या मुख्य आवारात एक समुपदेशन केंद्र उघडून व दारावर पाटी लावून हा प्रश्न सुटणार नाही, कारण बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत असतात. समुपदेशक तेथे पोचला पाहिजे. लहान महाविद्यालयांना प्रत्येकी एक नेमणे परवडत नसेल तर तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक नेमावा आणि त्याचे वार व वेळ ठरवून द्यावी. सकाळी वर्ग आणि दुपारी काम अशी ज्यांची दिनचर्या आहे त्यांना भेटता येईल अशी ती वेळ असावी. दुसरी गोष्ट भाषेची. दुःख माणूस मातृभाषेतच सांगू शकतो. उधन्याच्या परिसरातील महाविद्यालयांत मराठी, हिंदी व ओडिया जाणणारा समुपदेशक असणे ही चैन नसून, पायऱ्यांशेजारच्या उतरत्या वाटेइतकीच आवश्यक सोय आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठी व गुजरातीसह वीस भाषांत विनामूल्य मिळते. हा क्रमांक प्रत्येक वर्गात ठळक अक्षरांत लावावा, असे न्यायालयाने सांगितलेच आहे. त्याला खर्च तो किती?

तिसरी गोष्ट गुप्ततेची. दाट वस्तीत एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानी जावयास वेळ लागत नाही, आणि मुलीच्या बाबतीत तर तिचे लग्न अडेल या भयाने आजार लपविला जातो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची दृष्टी स्वीकारली आहे. समुपदेशकाजवळ बोललेले प्राचार्यांच्या कानी जाणार नाही, याची खात्री विद्यार्थ्याला पटली तरच तो दार ठोठावील. जिवाला धोका असेल तेव्हा काय करावयाचे, कोणाला कळवावयाचे, जवळच्या शासकीय रुग्णालयात कोणाकडे न्यावयाचे, हे मात्र आधी लिहून ठेवलेले असावे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले की, निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तज्ज्ञ कमी आहेत हे खरे. पण जे आहेत त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट दाखविणाराही कोणी नसतो, हेही तितकेच खरे.

हे सारे केवळ विद्यापीठावर सोपवून समाजाने हात झटकावेत असेही नाही. उधना-लिंबायत भागात मराठी मंडळे आहेत. श्रावणात कानबाई आणि भाद्रपदात गणपती तेथे खानदेशाइतक्याच थाटाने बसतात. त्याच मांडवात एक संध्याकाळ मनाच्या आजाराविषयी बोलावयास डॉक्टर बोलवावा, दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्काराबरोबर नापास झालेल्यांनाही जवळ बसवून पुढची वाट सांगावी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० पासून चालविलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने हा विषय मराठीत, घरगुती शब्दांत बोलता येतो हे दाखवून दिले आहे. महाराष्ट्रातील अशा संस्थांनी सीमेपलीकडच्या आपल्या मुलांकडेही वळावे. आणि आमच्या राज्यातील विद्यापीठांनी सुरतेकडे बोट दाखविण्याआधी आपल्या प्रत्येक महाविद्यालयात समुपदेशक आहे की नाही, हे एकदा मोजून जाहीर करावे.

न्यायालय आदेश देऊ शकते. विद्यार्थ्याशेजारी बसून त्याचे ऐकणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. ते काम प्राध्यापकाचे, समुपदेशकाचे आणि आई-बापांचे आहे. मागावर बारा तास उभे राहून ज्याने मुलाला विद्यापीठाच्या पायरीपर्यंत आणले त्या बापाने आपला वाटा केव्हाच उचलला. ती पायरी त्या मुलाला चढता येईल अशी करणे हा आता विद्यापीठाचा वाटा आहे. नव्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी प्रत्येक संस्थेने आपण काय केले याचा लेखी हिशेब विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे, आणि ती कोणत्याही अर्थाने अवाजवी नाही.