तिसऱ्या लेकराआधी म्हाताऱ्यांचं बघा

मंडळी, हल्ली एक नवाच सूर कानावर येतोय. पोरं जास्त होऊ द्या म्हणे! आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू बोलले, डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवतांनीही तीन लेकरांचा हिशोब मांडला.

आपल्याकडं मात्र कायदा उलटा. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट आहेच. आंध्रनं असाच निवडणुकीचा नियम 2024 मध्ये काढून टाकला.

माझं स्पष्ट मत, आपणही काढावा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 निघाला. लोकसंख्या टिकायला 2.1 लागतो. पोरी शिकल्या, शाळेची फी नि दवाखान्याचा खर्च वाढला, लोकांनी आपणहून पाळणा लांबवला. आता त्या अटीचा उपयोग एवढाच, की निवडून आलेल्या माणसाला विरोधकांनी घरी बसवायचं.

पण नियम काढला म्हणून पाळणे हलतील, असंही नाही. दक्षिण कोरियानं वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी 2023 मध्ये तिथला दर 0.72 वर आला. आणि आज जन्मलेलं लेकरू कमावतं व्हायला वीस वर्षं लागतात. म्हातारपण काय तोवर थांबणार आहे?

आपल्या दौलताबादेतच बघा. किल्ल्यासमोर पेरू-सीताफळं विकायला कोण बसतं? कितीतरी आज्या. पोरं वाळूजला नाहीतर पुण्याला. 75 च्या पुढं एसटी मोफत झाली, चांगलं झालं. पण शुगरच्या गोळ्यांसाठी घाटीत जायचं तर सोबत माणूस कुठून आणायचं?

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 मिळतात. पण वय 65 पाहिजे, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे दिवसाला 58 रुपये. रोज 60 रुपये कमावणारं घर सरकारच्या लेखी गरीबच नाही! प्रामाणिकपणे उत्पन्न सांगणारी म्हातारी योजनेबाहेर, असा हा कारभार.

म्हणून माझ्या तीन मागण्या. एक, ही उत्पन्नाची अट वाढवा. दोन, आठवड्यातून एक दिवस बीपी-शुगरची तपासणी नि गोळ्या गावातच द्या. तीन, ग्रामपंचायत दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नातले 5 टक्के राखून ठेवते, तसा ज्येष्ठांसाठीही वाटा ठेवा. पहिलीसाठी मुंबईकडं बघावं लागेल, पण बाकीच्या दोन्हींचा ठराव आपण येत्या ग्रामसभेत मांडू शकतो.

कोण कोण येतंय, खाली सांगा. आणि येताना घरातल्या आजी-आजोबांनाही घेऊन या, विषय त्यांचाच आहे.