घरपट्टी भरा, हिशेब मागा

बंगला दोन दिवसांचा असला तरी गाव सात दिवसांचे असते. अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यावर, मांडव्यापासून किहीम-थळपर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात हे वास्तव उतरायला हवे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटसेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, रेवस-करंजा पुलाचे काम हाती घेतले गेले. मुंबई जवळ आली, जमिनीचे भाव चढले आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत बंगले उभे राहिले. शनिवार-रविवारी चोंढी नाक्यावर गाड्या खोळंबतात. रस्त्यावरचा दिवा मात्र मंगळवारीही लागावा लागतो, पाण्याची टाकी बुधवारीही भरावी लागते आणि सोमवारी सकाळी आठवडाअखेरचा कचरा कोणाला तरी उचलावाच लागतो. हा खर्च कोण उचलतो आणि किती, हा प्रश्न किहीमसारख्या गावाने ग्रामसभेत उघडपणे घ्यावा, असे आमचे मत आहे.

किहीमला महापालिका नाही, नगरपरिषदही नाही. भार मात्र शहरी आहे. तो पेलायचा आहे सरपंच, मूठभर सदस्य, एक ग्रामपंचायत अधिकारी आणि थोडेसे कर्मचारी यांनी. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने त्यांच्या हाती जी साधने दिली, त्यात घरपट्टी सर्वांत महत्त्वाची. तिच्याच जोडीने दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी यांची पट्टी येते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या अर्थकारणावर अहवाल प्रसिद्ध केला. देशातील पंचायतींच्या एकूण महसुलात त्यांच्या स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का असल्याचे त्यातून समोर आले. बाकी बहुतेक सारे केंद्राचे आणि राज्याचे अनुदान. अनुदानाला अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली. उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार आणि आस्थापनेचा खर्च करायला मनाई. म्हणजे अनुदानातून घंटागाडी दारात येऊ शकते, पण ती रोज फिरवणाऱ्या माणसाच्या पगारासाठी गावाचा स्वतःचा पैसा लागतो. संकटातही हाच पैसा कामी येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या तालुक्यातली झाडे आणि विजेचे खांब रस्त्यांवर आडवे केले. अशा दिवशी मंत्रालयातून रक्कम येईपर्यंत थांबता येत नाही. गाठीला स्वनिधी असलेली ग्रामपंचायत त्याच दुपारी करवत आणि माणसे रस्त्यावर उतरवू शकते.

हा स्वनिधी कसा ठरतो, हे घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे. पूर्वी ग्रामपंचायती क्षेत्रफळावर कर आकारत. उच्च न्यायालयाने ती पद्धत नाकारल्यावर राज्य सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर आकारणी आणली. जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, घराच्या वयानुसार घसारा आणि वापरानुसार भारांक यांवरून घराचे मूल्य निघते. त्यावर हजार रुपयांमागे काही पैसे ते दोन रुपये इतका कर बसतो. समजा, एका बंगल्याचे भांडवली मूल्य दोन कोटी रुपये आणि दर हजारी दीड रुपया. वर्षाची घरपट्टी झाली ३० हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपये. तरणतलाव असलेल्या मोठ्या बंगल्याचे एका शनिवार-रविवारचे भाडे अनेकदा वर्षाच्या या रकमेहून अधिक असते. दुसरीकडे दहा लाख रुपये मूल्याच्या जुन्या कौलारू घराला हजारी ७५ पैसे दर लावला, तर वर्षाचे ७५० रुपये होतात. सूत्र एकंदरीत न्याय्य आहे. अन्याय शिरतो तो सूत्रात भरल्या जाणाऱ्या माहितीतून.

ही माहिती नमुना ८ मध्ये, म्हणजे आकारणी नोंदवहीत असते. बंगला बांधताना जे क्षेत्रफळ नोंदले गेले, तेच पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले, तर नंतर चढलेला मजला, नोकरांच्या खोल्या आणि मागची पाहुण्यांची इमारत कागदावर येतच नाही. वापराचा प्रश्न याहून मोठा आहे. नियमांत निवासी वापराला १ आणि वाणिज्य वापराला १.२५ असा भारांक आहे. जो बंगला मोबाइलवरून रात्रीच्या भाड्याने दिला जातो, तिथे लग्ने आणि वाढदिवस होतात, स्वयंपाकी आणि व्यवस्थापक पगारावर असतात, तो धंदा आहे. धंदा करण्यात काहीच गैर नाही. त्यातून गावातल्या अनेकांना काम मिळते. पण असा बंगला नोंदवहीत ‘निवासी’ राहिला, तर त्याने वापरलेल्या पाण्याचा आणि टाकलेल्या कचऱ्याचा बोजा शेजारच्या मच्छीमाराच्या घरावर पडतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी करण्याची तरतूद आहे. ती कागदावर न उरकता फीत घेऊन दारोदार फिरून व्हायला हवी.

फेरआकारणीची दुसरी बाजूही तितकीच निकडीची आहे. जमिनीचा दर बाहेरून आलेल्या बंगलेवाल्यांनी वाढवला, पण मूल्यदर तक्त्यातला आकडा मूळ गावकऱ्यालाही लागू होतो. ज्याला आपली वाडी कधीच विकायची नाही, त्याच्यासाठी वाढलेला भाव हा निव्वळ खर्च आहे. म्हणूनच जुन्या घरांना घसारा पूर्ण मिळाला पाहिजे, आणि साध्या घरांसाठी नियमांनी दिलेल्या किमान-कमाल दरांपैकी खालचा दर निवडण्याचे धाडस ग्रामपंचायतीने केले पाहिजे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला. उत्पन्नाची इतर साधने असलेल्या महापालिकेला ते पेलले. ग्रामपंचायतीला लहान घरांना दिलासा द्यायचा असेल, तर मोठ्या घरांकडून रास्त कर पूर्ण वसूल करणे हाच मार्ग आहे.

हा प्रश्न एकट्या कोकणचा नाही. पाहुण्यांच्या दुसऱ्या घरांनी भरलेल्या किनाऱ्यांवर जगभर हीच चर्चा आहे. वेल्समधील स्थानिक परिषदांना एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराशिवाय ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून १०० टक्क्यांपर्यंत तशी मुभा मिळाली आणि कॉर्नवॉलसारख्या किनारी भागाने ती वापरली. आपल्या कायद्यात दुसऱ्या घरासाठी वेगळा दर नाही. तो असावा का, यावर विधिमंडळात चर्चा व्हायला हवी. तोपर्यंत आहे तो कायदा प्रामाणिकपणे राबवला, तरी किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींच्या हाती आजच्यापेक्षा अधिक बळ येईल.

घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे, हेही किहीमला वेगळे सांगायला नको. फरारी हिरे व्यापारी नीरव मोदी याचा किहीमच्या किनाऱ्यावरचा बेकायदा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला. किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून उभे राहिलेले बांधकाम कर भरल्याने नियमित होत नाही. तरीही पावती दाखवून ‘आम्ही ग्रामपंचायतीत नोंदलेले आहोत’ असे सांगण्याची रीत पडली आहे. ग्रामपंचायतीने प्रत्येक पावतीवर आणि उताऱ्यावर हा खुलासा ठळकपणे छापावा. याच किहीममध्ये १९३० साली पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरणींच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्या पक्ष्याच्या विणीविषयी जगाला नवी माहिती दिली. असा निसर्ग, आणि बंगलेवाले ज्या सावलीसाठी आणि शांततेसाठी येथे येतात ती, राखण्यालाही पैसा लागतो आणि कायद्याची जरबही लागते.

वसुलीइतकाच हिशेब महत्त्वाचा, आणि त्यात या गावांची खास अडचण आहे. मोठी घरपट्टी भरणाऱ्या अनेकांचे मत मुंबईत किंवा पुण्यात आहे. ग्रामसभेत त्यांना मतदानाचा हक्क नाही. येथे मत देणाऱ्या बहुतेकांची घरपट्टी लहान असते. त्यामुळे जाब विचारण्याची निकड दोघांनाही पुरेशी वाटत नाही, आणि मधल्या मध्ये कारभार सैल होतो. कायद्याने लोकप्रतिनिधींवर आधीच बंधन घातले आहे. ग्रामपंचायत सदस्याने मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणेही बंधनकारक आहे. म्हणजे घरपट्टीच्या प्रत्येक शंभर रुपयांतले तीस रुपये गावातल्या दुर्बळांचे आहेत. घरपट्टी बुडते तेव्हा सर्वांत आधी त्यांचा हक्क बुडतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. किहीमसह या पट्ट्यातील ग्रामपंचायतींनी पुढच्या फेरआकारणीत प्रत्येक मिळकत प्रत्यक्ष मोजावी. भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांची यादी करून त्यांना वाणिज्य भारांक लावावा. आकारणीची पूर्ण यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी, हरकतींना पुरेशी मुदत द्यावी, आणि ज्याला निर्णय मान्य नसेल त्याला पंचायत समितीकडे अपील कसे करायचे तेही त्याच फलकावर लिहावे. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी यांचे किती रुपये आले आणि ते कोठे खर्च झाले, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी लागावा. बंगलेमालकांनी थकबाकी ठेवू नये, वापर खरा सांगावा, आणि मत नसले तरी लेखी हिशेब मागावा. करदाता म्हणून तो त्यांचा अधिकार आहे. जिल्हा परिषदेने मोजणीसाठी अभियंते द्यावेत, कारण एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या खांद्यावर हे सारे टाकून चालणार नाही.

एप्रिल १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना स्वराज्याच्या संस्था म्हणून घटनेत स्थान मिळाले. स्वराज्य म्हणजे आपल्या गावाचा खर्च आपण ठरवणे आणि त्यासाठी आपल्या खिशात हात घालणे. किहीमला पुढची तीस वर्षे पाण्यासाठी, कचऱ्यासाठी आणि दिव्यांसाठी अनुदानाची वाट पाहायची नसेल, तर आकारणी नोंदवही येत्या ग्रामसभेत उघडून सर्वांसमोर वाचली जावी. त्या वाचनाला हजर राहणे हे किहीमकरांचे कर्तव्य आहे. आणि तेथे नोंदलेला आपला वाटा वेळेवर भरणे हे या गावात घर असलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे, मग ते घर पिढीजात असो वा परवा बांधलेले.