सहाव्या भोकावरचं बोट

गेल्या जूनमध्ये वह्या-पुस्तकांची खरेदी चालू असतानाच लेकीने बासरी मागितली. वय वर्षं अकरा. घरात सासऱ्यांची पेटी आहे, म्हणून माझं मन पेटीकडे ओढ घेत होतं. पण तिने बासरीतली मींड ऐकली होती. "आई, पेटीत सूर असा घसरत जात नाही गं," हे तिचं म्हणणं मला खोडता येईना. पेटीवरच्या अशाच आक्षेपांपायी १९४० पासून जवळजवळ तीन दशकं आकाशवाणीने तिला दार बंद केलं होतं.

दुकानात गेलो. किती पैशांपर्यंतची हवी, एवढं विचारून दुकानदाराने एक लांबलचक देखणी बासरी तिच्या हातात ठेवली. म्हणाला, "मोठे कलाकार हीच वाजवतात." ते खरंच होतं. पांढरी तीन पट्टीची, जवळजवळ तीस इंचांची बासरी. पन्नालाल घोषांनी अशी लांब, भरदार आवाजाची बासरी रागसंगीतात रुजवली आणि आज मैफलीत आपण ऐकतो तो खोल आवाज तिचाच. नळी जितकी लांब तितका सूर खाली, आणि भोकंही तितकीच दूरदूर. हा दुसरा अर्धा भाग आम्हाला कोणी सांगितला नाही.

पुढचा महिना वाईट गेला. वरची तीन भोकं बंद करून सा लागायचा. तिथून एकेक बोट खाली टेकवत नी, ध यायचे. सहाही भोकं झाकली की मंद्र पंचम यायला हवा, तिथे मात्र नुसता फुस्स आवाज. अनामिका ताणून ताणून ती सहाव्या भोकापर्यंत न्यायची, पण कडेला केसभर फट राहायची. तेवढ्या फटीतून सूर फुटतो. "मला फुंकताच येत नाही," म्हणून ती रडायची आणि मी तिला रियाज वाढवायला सांगायचे. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

शेवटी सांगलीहून मिरजेला एका गुरुजींकडे घेऊन गेले. त्यांनी वाजवायला सांगितलंच नाही. तिचा पंजा आपल्या पंजाला लावून पाहिला, आत गेले आणि पांढरी एकची, दीड फुटाच्या आसपासची बासरी घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी पंचम लागला. "फुंकर पहिल्यापासून बरी होती ताई," गुरुजी म्हणाले, "बोट पोचत नव्हतं."

गुरुजींकडून परतताना सतारमेकर गल्लीतून आलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती ही गल्ली. सुकवलेले भोपळे छताला टांगलेले. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. सहज चौकशी केली, तर त्यांचे पहिले प्रश्न असे: कुणासाठी, पट्टी कुठली? पुरुषाच्या आवाजाचा मर्दानी तंबोरा मोठा, बाईच्या आवाजाचा जनानी त्याहून लहान. पैशाची गोष्ट बऱ्याच उशिरा निघाली.

तेव्हापासून मला कोणी विचारलं, पोराला काय शिकवू, तर मी आधी पोराला समोर उभं करायला सांगते. व्हायोलिन अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं ते मुलांच्या हातांसाठीच. दोन वर्षं पुढची म्हणून पूर्ण मापाचं घेऊ नका, तो शाळेचा गणवेश नव्हे. तबल्याचं तोंडही पट्टीप्रमाणे लहान-मोठं असतं. गाणाऱ्या बहिणीबरोबर वाजवायचं असेल तर आधी तिची पट्टी विचारा. सतार मांडीवर घेऊन दुकानातच दहा मिनिटं बसू द्या.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मूल दिवसभर गुणगुणत असेल तर त्याचं तोंड अडकवणारं वाद्य देताना शंभरदा विचार करा. पेटीवर बोटं फिरवताना गळा मोकळा राहतो. त्या पोराला पेटीच द्या, मींड त्याच्या गळ्यातून येईल. आमची लेक गुणगुणत नाही. ती तासन् तास गप्प असते आणि मग बासरी उचलते. पेटीच्या नादात तिचं ते गप्प राहणं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

लांब बासरी कपाटावर आहे. विकायची नाही, असं तिने बजावलंय. परवा ती खाली काढून तिने नुसती बोटं ठेवून पाहिली. अनामिका सहाव्या भोकाच्या काठाला टेकली. अजून अर्धं पेर कमी पडतंय. तिने बासरी फडक्यात गुंडाळून परत वर ठेवली आणि आपली दीड फुटाची घेऊन गच्चीवर गेली.