खोक्यात काय आहे?

2025 च्या दिवाळीत ताईकडे सांगलीला गेलो होतो. फराळ झाला, गप्पा झाल्या आणि भाचा हळूच म्हणाला, "मामा, जरा माझा पीसी बघतोस का? विंडोज अकरा घेतच नाही." विंडोज दहाचा सपोर्ट 14 ऑक्टोबरला संपला होता, म्हणून बिचारा खटपट करत होता. मी बघितलं, आणि पुढचा तासभर मला चकली गोड लागली नाही.

हा पीसी भाऊजींनी 2023 मध्ये 28 हजारांना घेतला होता, बारावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही. पाटी मात्र अशी होती: 'गेमिंग पीसी, आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स'. काचेचं कॅबिनेट, आत इंद्रधनुष्यासारखे फिरणारे पंखे. भाऊजी शिक्षक. आय-सेव्हन म्हणजे भारी, एवढं त्यांना ठाऊक होतं. दुकानदारालाही ते एवढंच ठाऊक आहे हे ठाऊक होतं!

आत निघाला आय-सेव्हन 2600. म्हणजे 2011 सालचा प्रोसेसर. एके काळी तो खरंच भारी होता, पण 2022 साली आलेला साधा आय-थ्री 12100 सुद्धा त्याच्याइतक्याच चार कोअरचा आहे आणि त्याला सहज मागे टाकतो. 'सेव्हन' हा आकडा फक्त त्या त्या पिढीतला मान सांगतो. पिढी कुठली, ते पुढच्या आकड्यांत असतं आणि पाटीवर नेमके तेच आकडे नव्हते. ग्राफिक्स कार्ड होतं जीटी 730, जे 2014 साली बाजारात आलं. त्यावर 4 जीबी मेमरी आहे हे खरं, पण घागर मोठी आणि नळाला करंगळीएवढी धार, असला तो प्रकार. पॉवर सप्लायवर कधी न ऐकलेलं नाव.

आता मंडळी, मुद्द्यावर येतो. तयार घ्यावा की जोडावा, हा वाद आपल्या घरांत जुना आहे. 2001 साली बाबांनी मला लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड मशीन आणून दिलं, तेव्हा काका म्हणाले होते, "असेंबल्ड कशाला? बिघडलं तर कोण बघणार?" चोवीस वर्षांनी भाऊजींचंही वाक्य तेच. माझं उत्तर: बिघडल्यावर बघायचं कोणी, हा प्रश्न नंतर. आधी घेताना कोणी बघितलं?

कमी पैशात गेमिंग पीसी हवा असेल तर जोडाच, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण बजेट तोकडं असतं तेव्हा तयार खोकं बनवणारा काटछाट कुठे करतो? जिथे तुमचं लक्ष जात नाही तिथे. पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, आणि रॅमच्या दोन कांड्यांऐवजी एकच कांडी. काच आणि दिवे मात्र शाबूत, कारण ते दिसतात. आपण जोडतो तेव्हा काटछाट आपल्या हातात असते. दिवे गेले तरी गेम चालतो हो!

2023 मध्ये त्याच 28 हजारांत काय आलं असतं? रायझन 5 5600जी, म्हणजे सहा कोअर आणि ग्राफिक्स आतच. साधा ए520 बोर्ड, आठ-आठच्या दोन कांड्या, 500 जीबीची एसएसडी, बऱ्या कंपनीचा पॉवर सप्लाय आणि पत्र्याचं साधं कॅबिनेट. कार्ड नाही, पण व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह मजेत चालले असते, विंडोज अकराही. पुढे पैसे साठले की कार्ड घालायचं. गरिबाचं घर असंच बांधतात ना? आधी दोन खोल्या, मग वरचा मजला. पण पाया तेवढा पेलणारा हवा.

"वॉरंटीचं काय?" सीलबंद प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. बाकीच्या सुट्या भागांवरही आपापली असतेच. अट एकच, बिल घ्या. 18 टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या पावतीवर माल घेतलात तर मग रडू नका.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर जोडणाऱ्यांच्या पंथातला म्हणाल. 2021 मध्ये क्रिप्टोवाल्यांनी कार्डांचे भाव आभाळाला नेले होते, तेव्हा अख्खं तयार मशीन कधीकधी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडायचं. शिवाय कंपनीच्या मशीनबरोबर विंडोज अधिकृत मिळतं. असेंबलवाला "टाकून देतो" म्हणतो तेव्हा काय टाकतो ते आपल्याला माहीत असतं. हा खर्च प्रामाणिकपणे धरायला हवा. आणि 'ज्याने स्वतः स्क्रू आवळला नाही तो गेमरच नाही' हा तोराही मला मान्य नाही. स्क्रू दुकानदाराने आवळले तरी चालेल. यादी मात्र तुमची हवी, प्रत्येक भागाचं पूर्ण नाव-नंबर असलेली, आणि बिलावर तीच उतरलेली.

खरं सांगू? पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. भाच्याला हे सगळं पहिल्याच महिन्यात कळलं होतं. नंबर टाकला की जालावर सगळं दिसतं. तरी दोन वर्षं तो गप्प बसला. का? तर बाबांनी रिकरिंग मोडून आणलंय, त्यांना वाईट वाटेल. मित्र बोलवायचे तेव्हा अभ्यास आहे म्हणून सांगायचा. "नावाजलेल्या दुकानातून घेतलंय" असं भाऊजी पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आणि हा शेजारी उभा राहून मान डोलवायचा.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. रागावू नका. फसवलं दुकानदाराने, चूक तुमची एवढीच की खरेदीच्या वेळी पोराला बाहेर स्कूटरपाशी उभं केलंत. मोठ्यांच्या व्यवहारात मुलांनी बोलू नये, ही आपल्याकडची रीत इथे 28 हजारांना पडली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून नवी यादी केली. वर्षअखेरीस रॅमचे भाव असे भडकले की यादी तूर्त फडताळात आहे. असो. पण ती यादी भाच्याच्या अक्षरात आहे आणि खाली बेरीज भाऊजींनी केली आहे. दोनदा तपासून.