खळ्यावरची ताडपत्री आणि वरळीचा धडा

अवेळी पावसापासून खळ्यावरील धान्य वाचविण्यासाठी पुष्कळ शेतकरी ताडपत्री विकत घेतात. परंतु ती राशीवर नुसती पसरली म्हणजे काम झाले, ही समजूत घातक आहे. अशा ताडपत्रीखाली ओलसर धान्य घामेजते व बुरशी धरते. वर झोळ पडून पाणी साचते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व १० सेंटिमीटर खोल पाण्याचे वजन १ क्विंटल भरते. ताडपत्री हे केवळ कापड होय. ताण व उतार देऊन बांधली तरच तिचा निवारा होतो.

ही विद्या किती थोड्या साधनांत साधते, हे मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींनी दाखविले आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. साहजिकच हळद असो, बारसे असो वा गणेशोत्सव, मांडव बाहेरच घालावा लागे. फरसबंद जागेत खड्डा खणता येत नाही. तेथे वाळूने भरलेल्या डब्यांत बांबू उभे करून सुतळीने बांधणे, ही शहरातील जुनी रीत आहे. साधने थोडी, पण हात पुष्कळ, हेच त्यातील मर्म.

शेतावर तर जमीन आपली आहे. १८ × १५ फुटांच्या ताडपत्रीस साडेसात फुटांचे तीन खांब, १६ फुटांचा एक आडवा बांबू, दोरी, खुंट्या, पहार व कोयता एवढे पुरे. खांब एका ओळीत दीड फूट पुरावेत, त्यांवर बांबू घट्ट बांधावा आणि टोकाच्या खांबांना बाहेरून दोरीचा ताण द्यावा. ताडपत्रीच्या १५ फुटी कडा दोन्ही अंगांस येतील अशी ती बांबूवर टाकावी. या कडा जमिनीपासून हातभर उंच राहाव्यात, म्हणजे हवा खेळते. खुंट्यांचे माथे बाहेर झुकलेले असावेत. कडी तुटली असल्यास कापडात गोटा गुंडाळून त्यामागे दोरी आवळावी. भोवती चर खणावा आणि पोती जमिनीवर न ठेवता लाकडांवर रचावीत. मात्र विजा चमकत असताना या निवाऱ्यात कोणीही थांबू नये. तो विजेपासून रक्षण करीत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पक्क्या छताखाली मांडवाची गरज कमी होईल. खळे मात्र उघडेच राहणार. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कापणीपूर्वी प्रत्येक वाडीत एकदा तरी हा निवारा शेतकऱ्यांच्याच हातून उभा करून घ्यावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे. आभाळ भरून आल्यावर गाठ शिकण्यास सवड मिळत नाही.